आसोची राख आणि कुमामोतोचे पाणी

कुमामोतो हे जपानच्या क्यूशू बेटाच्या साधारण मध्यावर, पश्चिम किनाऱ्याजवळ वसलेले सुमारे ७ लाख ४० हजार वस्तीचे शहर आहे. तोक्यो किंवा ओसाकाच्या तुलनेत ते एका प्रांताचे मुख्य ठिकाण, इतकेच. परदेशी प्रवासी एक दिवस किल्ला पाहतात आणि पुढे निघून जातात. मात्र या शहराची एक गोष्ट जलव्यवस्थेत काम करणाऱ्या कोणालाही चकित करील: इथल्या नळाला येणारे सगळे पाणी भूजल आहे. शहरासाठी नदीचे पाणी उचलले जात नाही आणि पिण्यासाठी धरणही बांधलेले नाही. एवढ्या मोठ्या शहराने केवळ जमिनीखालच्या पाण्यावर निभावणे जपानमध्येही विरळाच, आणि असे का घडले याचे उत्तर शहरापासून पूर्वेला, आसो नावाच्या ज्वालामुखीत आहे.

आसो म्हटले की एखादे शंकूच्या आकाराचे शिखर डोळ्यांसमोर येते, पण तिथे प्रत्यक्षात आहे ते एक अवाढव्य कुंड. उत्तर-दक्षिण सुमारे २५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे १८ किलोमीटर पसरलेल्या या खळग्याच्या तळाशी आज गावे आहेत, भातशेती आहे, शाळा आणि रेल्वेमार्ग आहेत. मधोमध शिखरांचा एक पुंजका उभा असून त्यांतले नाकादाके आजही अधूनमधून राख उडवते. हे कुंड एका फटक्यात तयार झाले नाही. साधारण २ लाख ७० हजार ते ९० हजार वर्षांपूर्वीच्या काळात इथे चार महाउद्रेक झाले. प्रत्येक वेळी जमिनीखालचा शिलारस मोठ्या प्रमाणावर बाहेर पडला आणि वरचे छत आत कोसळले. अभ्यासक या उद्रेकांना आसो-१ ते आसो-४ असे क्रमांक देतात. शेवटचा, म्हणजे आसो-४, सर्वांत मोठा होता. त्याचा तप्त राख-वायूचा लोंढा समुद्र ओलांडून होन्शू बेटाच्या पश्चिम टोकापर्यंत पोहोचला आणि त्याची राख जपानच्या पार उत्तरेला, होक्काइदो बेटावरही सापडते.

कुमामोतोच्या पाण्याचे गणित या चार लोंढ्यांनी मांडून ठेवले आहे. प्रत्येक उद्रेकाने आसोच्या पश्चिमेकडील उतारावर राख आणि सच्छिद्र दगडांचा जाड थर अंथरला, मधल्या शांत काळात काही ठिकाणी लाव्हा वाहून गोठला, तर काही ठिकाणी तळी साचून त्यांच्या तळाशी चिकणमाती बसली. राखेतून पाणी खाली झिरपते, चिकणमाती त्याला अडवते आणि भेगाळलेला लाव्हा त्याला वाट करून देतो. शहराच्या खाली त्यामुळे पाण्याचे दोन मजले तयार झाले आहेत: एक उथळ जलधर (पाणी धरून ठेवणारा भूस्तर) आणि चिकणमातीच्या खाली दुसरा, खोल आणि भरपूर पाण्याचा जलधर. शहर मुख्यतः या दुसऱ्या जलधरातून पाणी घेते.

आता प्रश्न असा, की वर मातीचा अडसर असताना खालच्या मजल्यात पाणी शिरते कुठून? शहराच्या ईशान्येला, शिराकावा नदीच्या मधल्या खोऱ्यात, ओझु आणि किकुयो या गावांच्या परिसरात चिकणमातीचा हा थर सापडत नाही. तिथे शेतात साठवलेले पाणी थेट खोल जलधरात उतरते आणि तिथून भूगर्भातल्या लाव्हाच्या भेगांमधून नैर्ऋत्येकडे सरकत शहराच्या सुइझेंजी आणि एझु तलावाच्या भागात पुन्हा वर उसळते, कारण तोगावा नावाने ओळखला जाणारा हा लाव्हाचा थर तिथेच संपतो. शेतात मुरलेल्या पाण्याला एझु तलावापर्यंत पोहोचायला सुमारे वीस वर्षे लागतात, असे स्थानिक जलविभाग सांगतो. शहराच्या केनगुन या पाणी केंद्रातली एक विहीर भूगर्भातल्या दाबामुळे पंपाशिवाय स्वतःच उसळते आणि दिवसाला सुमारे १५ हजार घनमीटर पाणी देते. पाणी वर्षभर साधारण १८ अंशांच्या आसपास असते, आणि त्यावर गाळणीचे मोठे प्रकल्प उभारावे लागत नाहीत.

पाऊसही या भागात हात राखून पडत नाही. कुमामोतो शहरात वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस होतो, आणि आसोच्या डोंगरावर त्याहून कितीतरी अधिक. जून-जुलैमधल्या पावसाळी हंगामात त्यातला मोठा वाटा येऊन जातो. पण केवळ पाऊस आणि सच्छिद्र जमीन यांच्या जोरावर आजची स्थिती आली, असे म्हणणे अर्धवट ठरेल. उरलेला अर्धा भाग माणसांनी केलेला आहे, आणि त्याची सुरुवात सोळाव्या शतकाच्या अखेरीस झाली.

त्या काळी हा प्रदेश हिगो म्हणून ओळखला जाई. १५८७ मध्ये तेव्हाचा जपानचा सर्वांत बलाढ्य सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने क्यूशू जिंकून हिगो प्रांत सास्सा नारिमासा या सरदाराला दिला. त्याने आल्या आल्या जमीन मोजणीची घाई केली, स्थानिक जमीनदारांनी बंड केले आणि हिदेयोशीने दुसऱ्याच वर्षी नारिमासाला आत्महत्येचा हुकूम दिला. त्यानंतर प्रांताचे दोन भाग झाले: उत्तरेकडचा कातो कियोमासाला आणि दक्षिणेकडचा कोनिशी युकिनागाला. १६०० मध्ये जपानच्या सत्तेचा निकाल लावणाऱ्या सेकिगाहाराच्या लढाईनंतर पराभूत बाजूच्या कोनिशीचा शिरच्छेद झाला आणि जवळजवळ सगळा हिगो कियोमासाच्या हाती आला.

कियोमासाची ख्याती लढवय्या म्हणून आहे, आणि कोरियातल्या दोन स्वाऱ्यांत त्याने केलेली हिंसा कोरियन लोक विसरलेले नाहीत. कुमामोतोत मात्र त्याची आठवण पाटबंधाऱ्यांमुळे टिकून आहे. शिराकावा ही आसोच्या कुंडातून बाहेर पडणारी एकमेव मोठी नदी. कुंडातल्या दोन नद्या तातेनो इथल्या खिंडीपाशी एक होतात आणि पश्चिमेकडे उतरतात. आसोच्या देवाने लाथ मारून कुंडाची भिंत फोडली आणि आतल्या तळ्याचे पाणी बाहेर काढले, अशी लोककथा या खिंडीबद्दल सांगितली जाते. या नदीतून पाणी काढून शेताला द्यायचे तर एक मोठी अडचण होती: राख. पाण्याबरोबर येणारी बारीक काळपट रेती, तिला स्थानिक लोक ‘योना’ म्हणतात, कालव्यात बसे आणि दोन-चार हंगामांत कालवा बुजून जाई.

यावर शोधलेला उपाय किकुयो गावात आजही पाहायला मिळतो. बाबागुसु नावाचा कालवा जिथे टेकडीतून जातो, तिथे खडक खोल कापताना सुमारे ४०० मीटर लांबीत ठरावीक अंतरावर खडकाच्या आडव्या भिंती तशाच ठेवल्या आणि प्रत्येक भिंतीला तळाशी एक भोक पाडले, बैलाच्या नाकात वेसणीसाठी पाडतात तसे, फक्त माणूस वाकून जाऊ शकेल एवढे मोठे. पाणी भिंतीवर आदळते, खाली वळते आणि भोकातून वेगाने पुढे निघते, त्या भोवऱ्यात रेती तळाला बसण्याऐवजी वर उचलली जाऊन पुढे वाहून जाते. एकूण सुमारे ८० भिंती होत्या, त्यांतल्या २४ आज शाबूत आहेत. वरून पाहिले तर हिरव्या झाडीत खडकाच्या खोल फटीत पाण्याचा फक्त खळखळाट ऐकू येतो. मागच्या चार शतकांत या कालव्याने शेतीला पाणी देणे थांबवलेले नाही. बांधणारे कोण, त्यांना हे गणित कुणी शिकवले, हे कागदोपत्री सापडत नाही, पण रेतीची वर्तणूक त्यांनी नीट पाहिलेली होती हे स्पष्ट आहे.

या बंधाऱ्यांचा आणि कालव्यांचा उद्देश भाताचे उत्पादन वाढवणे आणि पर्यायाने कर वाढवणे हाच होता. भूजलाचा विचार कियोमासाच्या डोक्यात असण्याचे कारण नाही. तरी परिणाम तोच झाला. ओझु-किकुयो परिसरातली राखेची जमीन पाणी धरत नाही. तिथली भातखाचरे सर्वसाधारण खाचरांच्या पाच ते दहा पट पाणी खाली सोडतात, आणि शेतकऱ्याला ही तक्रार वाटावी असाच हा दोष आहे. पण चारशे वर्षे दर उन्हाळ्यात ही खाचरे पाण्याने भरली गेली आणि शहराखालचा जलधर त्यामुळे भरत राहिला. भूगर्भाने दिलेल्या जमिनीवर कालव्यांची भर पडली, म्हणूनच आजचे कुमामोतो उभे आहे.

शहरातही कियोमासाने पाण्याची वाट बदलली. तेव्हा शिराकावा नदी किल्ल्याच्या टेकडीजवळ मोठे वळण घेऊन दुसरी लहान नदी पोटात घेत असे. त्याने मोठी नदी सरळ केली आणि लहान त्सुबोई नदी वेगळी काढून तिचा किल्ल्याच्या आतल्या खंदकासारखा उपयोग केला. किल्ल्याचे मुख्य काम १६०१ मध्ये सुरू होऊन १६०७ मध्ये संपले. तो ज्या पठारावर उभा आहे तेही आसो-४ च्या राखेचेच बनलेले असून आजूबाजूच्या मैदानावर उंच उठून दिसते. किल्ल्याच्या दगडी भिंती खाली सौम्य उताराच्या आणि वर जाताना एकदम उभ्या होतात. सुरुवातीला सोपी वाटणारी चढाई मध्यावर अशक्य व्हावी, अशी ही रचना. आवारात १२० विहिरी खोदल्या होत्या, असे सांगितले जाते. १५९७-९८ च्या हिवाळ्यात कोरियातल्या उलसान इथे कियोमासाचे सैन्य वेढ्यात अडकून भूक आणि तहानेने मरणाच्या दारात पोहोचले होते, हा अनुभव ध्यानात घेतला की विहिरींचा हा हट्ट समजतो.

कियोमासा १६११ मध्ये वारला. त्याचा मुलगा तादाहिरो याला शोगुनने, म्हणजे देशाच्या लष्करी शासकाने, १६३२ मध्ये पदच्युत केले आणि होसोकावा घराणे कुमामोतोत आले. त्याची सत्ता १८७१ मध्ये संस्थाने बरखास्त होईपर्यंत टिकली. १९९३ मध्ये जपानचे पंतप्रधान झालेले होसोकावा मोरिहिरो त्याच घराण्याचे, आणि त्याआधी ते कुमामोतो प्रांताचे गव्हर्नर होते. पहिला होसोकावा, तादातोशी, याच्या आश्रयाला १६४० मध्ये तलवारबाज मियामोतो मुसाशी आला आणि १६४५ मध्ये इथेच मरण पावला. तादातोशीच्या काळातच सुइझेंजीच्या झऱ्याकाठी चहागृहाची सुरुवात झाली, पुढच्या पिढ्यांनी तिथे तळ्याभोवती मोठी बाग केली. तळ्याचे पाणी म्हणजे त्याच लाव्हाच्या थरातून उसळणारे भूजल.

प्रांताच्या डोंगराळ भागात पाण्याची बाजू नेमकी उलटी होती. दक्षिण आसोकडच्या शिराइतो पठाराभोवती तीन बाजूंनी खोल दऱ्या. नद्या खाली दिसत, पण वरच्या शेतांना थेंब मिळत नसे. फुता यासुनोसुके नावाच्या गावप्रमुखाने १८५४ मध्ये दरी ओलांडणारा दगडी कमानीचा त्सुजुन पूल पूर्ण केला. त्याच्या पोटातून दगडी नळ गेले असून उलट्या सायफनच्या तत्त्वावर पाणी पुलावरून खाली येऊन पलीकडच्या पठारावर पुन्हा चढते. नळ ज्या दगडातून घडवले तोही राखेतून वितळून घट्ट झालेला आसोचाच दगड, जो कापायला सोपा आणि हलका. हा पूल २०२३ मध्ये राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झाला. त्याच्या मध्यावर गाळ काढण्यासाठी असलेली भोके उघडली की पाण्याचे फवारे दरीत उडतात. पर्यटकांसाठी हे दृश्य ठरावीक वेळी दाखवतात, मुळात ती साफसफाई होती.

किल्ल्याच्या मजबुतीची परीक्षा १८७७ मध्ये झाली, आणि ती जपानी सरकारविरुद्ध जपानी बंडखोरांनी घेतली. दक्षिणेतल्या सात्सुमाचे सामुराई साइगो ताकामोरीच्या नेतृत्वाखाली उठले. नव्या शासनाची सुमारे साडेतीन हजारांची फौज तानी तातेकीच्या हाताखाली किल्ल्यात बंद झाली. वेढा पडण्याच्या तीन दिवस आधी, १९ फेब्रुवारीला, आतल्या इमारतींना आग लागून मुख्य बुरूज जळाला. आग कुणी लावली याचा वाद आजही चालू आहे. तरीही दगडी भिंतींच्या आधाराने फौजेने ५० हून अधिक दिवस किल्ला धरून ठेवला. सरकारी मदत अडकली ती उत्तरेकडच्या ताबारुझाका या चढणीपाशी, जिथे तोफा घेऊन जाण्याइतका रुंद असा एकच रस्ता होता. ४ ते २० मार्च दरम्यान तिथे पावसात, खोलवर कापलेल्या रस्त्यात हातघाईची लढाई झाली. त्याच युद्धात कुमामोतोत मिळालेल्या परवानगीतून जखमींची सेवा करणारी संस्था उभी राहिली, जी पुढे जपानी रेड क्रॉस झाली.

त्यानंतर कुमामोतो फौजेचे आणि शिक्षणाचे गाव बनले. लाफ्कादिओ हर्न आणि नात्सुमे सोसेकी हे दोघे लेखकही इथल्या पाचव्या उच्च विद्यालयात शिक्षक होते. नळपाणी योजना १९२४ मध्ये सुरू झाली, आणि तीही सुरुवातीपासून झऱ्याच्या पाण्यावर. पण आसोने दिलेली प्रत्येक गोष्ट सुखाची नव्हती. २६ जून १९५३ रोजी अतिवृष्टीने शिराकावाला महापूर आला. त्याआधी काही महिने उडालेली राख पावसाने नदीत उतरली, पाण्याऐवजी चिखलाचा लोंढा शहरात घुसला, रस्त्यारस्त्यांवर जाड थर साचला आणि खोऱ्यात चारशेहून अधिक माणसे दगावली. उंच धरणाची मागणी त्यानंतर वारंवार झाली. तातेनो खिंडीतले धरण पूर्ण झाले २०२४ मध्ये, तेही केवळ पूरनियंत्रणासाठी.

भूजलाचा तुटवडा दिसू लागला १९७० च्या दशकात. तांदळाचे उत्पादन घटवण्याचे सरकारी धोरण १९७० पासून अंमलात आले, खाचरांच्या जागी इतर पिके आणि घरे आली, आणि त्याचबरोबर झऱ्यांचा जोर कमी झाला. ओझु-किकुयोतला प्रत्येक एकर सिमेंटखाली गेल्यावर शहराला मिळणारे पाणी घटते हे तेव्हा फारसे कुणाच्या लक्षात येत नव्हते. पाणी दूरच्या गावात मुरते आणि वापरले जाते शहरात, त्यामुळे हिशेब मांडणार कोण? १९७६ मध्ये शहराच्या परिषदेने भूजल संरक्षणाची घोषणा केली. खरी कृती २००४ मध्ये सुरू झाली. ज्या शेतांत त्या वर्षी भात नाही, गाजर किंवा चारा आहे, त्यांत हंगामांच्या मध्ये पाणी भरून ठेवण्यासाठी शहराने शेतकऱ्यांना पैसे द्यायचे ठरवले. मुळात ही कल्पना किकुयोतल्या सोनीच्या सेमीकंडक्टर कारखान्याने आदल्या वर्षी शेतकऱ्यांसोबत राबवून दाखवली होती. शहराची हद्द ओलांडून दुसऱ्या गावच्या शेतकऱ्याला पाणी भरण्याबद्दल मोबदला देणे हा प्रशासकीयदृष्ट्या अवघड निर्णय होता, आणि मला वाटते, या शहराच्या इतिहासातला तोच सर्वांत शहाणपणाचा निर्णय आहे. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या ‘जीवनासाठी पाणी’ पुरस्काराने त्याची दखलही घेतली.

१४ एप्रिल २०१६ च्या रात्री ६.५ आणि १६ एप्रिलच्या पहाटे ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. हिनागु आणि फुतागावा हे प्रस्तरभंग (भूकवचातल्या सरकणाऱ्या भेगा) शहराच्या पूर्वेला भेटतात, त्यांतला फुतागावा आसोच्या दिशेने जातो; माशिकी गावाला दोन्ही वेळा जपानी मापनातल्या सर्वोच्च, सातव्या श्रेणीचे धक्के बसले. प्रत्यक्ष हादऱ्यांनी पन्नास माणसे मेली आणि नंतरच्या हालअपेष्टांनी आणखी कितीतरी. किल्ल्याच्या दगडी भिंतींचा मोठा भाग कोसळला. एका कोपऱ्याच्या बुरुजाखाली मात्र बाजूची भिंत निघून गेल्यावरही दगडांचा फक्त एक उभा खांब उरला आणि त्यावर अख्खी इमारत लटकून राहिली. हे छायाचित्र जपानमध्ये घराघरांत पोहोचले. १९६० मध्ये काँक्रीटचा बांधलेला मुख्य बुरूज २०२१ मध्ये आतून पाहायला खुला झाला. पण पडलेल्या प्रत्येक दगडाला क्रमांक देऊन, जुन्या छायाचित्रांशी ताडून मूळ जागीच बसवण्याचे काम चालू असल्यामुळे संपूर्ण जीर्णोद्धार २०५२ पर्यंत चालेल असा अंदाज आहे.

त्या दिवसांत सुइझेंजी बागेच्या तळ्याचे पाणी काही दिवसांत ओसरून तळ उघडा पडला. जमिनीला पडलेल्या नव्या भेगांतून पाणी खाली उतरले होते. आठवड्यांनी तळे पुन्हा भरले, आणि नंतरच्या अभ्यासात असे दिसले की आसोच्या डोंगरात साठलेले पाणी भूकंपाने मोकळे होऊन खालच्या जलधरात उतरले, त्यामुळे अनेक विहिरींची पातळी उलट वाढली.

आताची मोठी घडामोड म्हणजे किकुयोतला सेमीकंडक्टर चिप बनवण्याचा कारखाना. तैवानच्या टीएसएमसीच्या भागीदारीतला हा प्रकल्प फेब्रुवारी २०२४ मध्ये उद्घाटित झाला आणि त्याच वर्षअखेरीस उत्पादन सुरू झाले. चिप धुण्यासाठी अतिशुद्ध पाणी लागते, आणि किकुयो निवडण्यामागे जुन्या कारखान्यांचे जाळे व चांगले भूजल ही दोन्ही कारणे होती. हे गाव ज्या जमिनीवर आहे ती शहराच्या पाण्याचे द्वार आहे, हे मागे पाहिलेच. कंपनीने उपसलेल्या पाण्याइतके पाणी शेतांतून परत मुरवण्याचा करार प्रांताशी आणि स्थानिक संस्थांशी केला आहे. पण हिशेब नुसता उपशाचा नाही. कारखान्याबरोबर घरे, रस्ते, पुरवठादार कंपन्या आल्या, जमिनीचे भाव चढले, आणि खाचरे कमी झाली. उरलेल्या शेतांत जनावरांचे खत आणि रासायनिक खते यांच्यामुळे काही विहिरींत नायट्रेट वाढल्याचे आढळले आहे, त्यावर गेली अनेक वर्षे काम चालू आहे.

यातली तांत्रिक मेख अशी, की पाण्याचा दाब आणि प्रत्यक्ष पाणी यांचा वेग वेगळा असतो. वर एका हंगामात पाणी भरले की दाबामुळे खालच्या विहिरींची पातळी काही महिन्यांत वर सरकते, पण तेच पाणी, त्यातल्या नायट्रेटसह, शहरापर्यंत पोहोचायला दशके लागतात. त्यामुळे पातळी ठीक दिसली म्हणजे सगळे ठीक, असे म्हणता येत नाही. आणि आज विहिरींत जे सापडते ते मुख्यतः २००० च्या दशकाच्या सुरुवातीला वरच्या शेतांत काय घडत होते त्याची नोंद असते. उलट कारखाने आणि वसाहती आल्यामुळे गेल्या काही वर्षांत जी खाचरे बुजली, त्यांचा पूर्ण परिणाम अजून शहरापर्यंत पोहोचायचा आहे. म्हणून प्रांत हिवाळ्यातही शेतांत पाणी भरण्याचे प्रयोग करीत आहे. पाणी भरण्याचा मोबदला मिळत असला तरी ते भरण्यासाठी बांध राखणारा, पाट साफ करणारा शेतकरी लागतो, आणि ओझु-किकुयोतल्या शेतकऱ्यांचे सरासरी वय चढत चालले आहे.